हंगामाआधीचे सहा दिवस

पहिला दिवस

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका सोमवारी आम्ही दोन व्हॅन घेऊन फीनिक्सहून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजायचे होते, पण डांबरी रस्ता आतापासूनच तापायला लागला होता. समुद्रकिनाऱ्याजवळच्या आमच्या कॉलेजचा लांब पल्ल्याच्या धावपटूंचा संघ दरवर्षी हंगाम सुरू होण्याआधी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ या डोंगरावरच्या शहरात सरावासाठी जातो. या वर्षी नऊ मुली आणि नऊ मुले होती. मी त्याच कॉलेजच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. नाडीचे ठोके आणि रक्तातील लॅक्टेट (जोरात धावताना स्नायूंत तयार होऊन रक्तात उतरणारा पदार्थ) मोजण्यासाठी कोचनी मला बोलावले होते आणि बोलावतानाच सांगितले होते, की रात्री चित्रपट असतात, त्यांना दांडी मारायची नाही.

फीनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मीटर उंचीवर आहे, तर फ्लॅगस्टाफ सुमारे २,१०० मीटरवर. मधले २३० किलोमीटरच्या आसपासचे अंतर तोडताना महामार्ग एकदा चढतो, व्हर्डी नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि मग पुन्हा असा चढतो की कान बंद होतात. माणसासारखे हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग आधी विरळ झाले, मग दिसेनासे झाले, आणि शेवटच्या चढावर दोन्ही बाजूंना पॉन्डरोसा पाइनचे उंच, सरळ, तांबूस सालीचे वृक्ष सुरू झाले. व्हॅनमधून उतरून सामान घेऊन भाड्याच्या घराचे दोन जिने चढलो, तेवढ्यानेच मला धाप लागली. या उंचीवरही हवेत ऑक्सिजनचा वाटा तोच, म्हणजे सुमारे २१ टक्के असतो. हवेचा दाब मात्र समुद्रसपाटीच्या तुलनेत पाचव्या हिश्शाहून अधिक उतरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो.

मी वाटेत कोचना विचारले होते, की उंचीवर राहून रक्तातील, ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचा एकूण साठा वाढायला तीन-चार आठवडे लागतात, मग सहा दिवसांसाठी एवढ्या लांब यायचे कशासाठी? त्यांनी रस्त्यावरची नजर न हलवता उत्तर दिले, "रक्तासाठी येतच नाही. खाली यांना सावकाश पळा म्हणून घसा कोरडा करावा लागतो. इथे डोंगरच ते काम करतो."

संध्याकाळी सर्वांनी फक्त अर्धा तास संथ धावून घेतले. रात्री बैठकीच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर ताणून 'चॅरिअट्स ऑफ फायर' लावला. १९८१ चा, ह्यू हडसन यांनी दिग्दर्शित केलेला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळवलेला हा चित्रपट १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील दोन ब्रिटिश धावपटूंचा आहे. १०० मीटर १०.६ सेकंदांत जिंकणारे हॅरॉल्ड एब्रहॅम्स आणि रविवारी धावायचे नाही म्हणून १०० मीटर सोडून ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकणारे एरिक लिडेल. समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांत धावणारी मुले आणि व्हँगेलिस यांचे संगीत हे सुरुवातीचे दृश्य चित्रपट न पाहिलेल्यांनाही ठाऊक असते. कोचनी ते निमूटपणे जाऊ दिले. त्यांनी चित्रपट थांबवला तो एब्रहॅम्सची अंतिम शर्यत संपल्यावर.

एब्रहॅम्सचे प्रशिक्षक सॅम मुसाबिनी पैसे घेऊन शिकवणारे होते आणि त्या काळच्या हौशी खेळाच्या कल्पनांत अशा माणसाला जागा नव्हती. चित्रपटात ते मैदानाबाहेर एका खोलीत एकटेच बसलेले असतात. शर्यत त्यांना दिसत नाही. खिडकीतून ब्रिटनचा झेंडा वर चढताना दिसतो तेव्हा त्यांना निकाल कळतो, आणि ते हातातल्या गवती हॅटमधून मूठ आरपार घालतात. कोचनी ते चित्र गोठवून ठेवले. चादरीवर सुरकुती होती, त्यामुळे हॅट मधोमध दुमडल्यासारखी दिसत होती. "मला सगळ्यांत आवडणारा चित्रपट हा," ते म्हणाले, "आणि त्यातही एवढेच." पहिल्या वर्षाच्या एका मुलाने विचारले, की मग शर्यतीचे काय? कोच म्हणाले, "शर्यत तुमची असते."

मला एक गोष्ट सांगावीशी वाटली आणि मी ती सांगितली. प्राथमिक फेरी रविवारी आहे हे लिडेलना जहाजावर चढताना कळते असे चित्रपटात दाखवले असले, तरी प्रत्यक्षात त्यांना ते काही महिने आधीच कळले होते आणि ४०० मीटरची तयारी करायला वेळ मिळाला होता. कोचना हे ठाऊक होते. त्यांच्या मते खरी हकिगतच अधिक चांगली आहे, कारण तिच्यात महिनोन्महिने केलेला सराव आहे.

दुसरा दिवस

सकाळी बफेलो पार्क. गावालगतच्या पठारावर मातीची दोन मैलांची, म्हणजे साधारण ३.२ किलोमीटरची फेरी आहे. दारात गव्याचा पुतळा, समोर सॅन फ्रान्सिस्को पीक्स नावाची डोंगररांग आणि तिच्यात ॲरिझोनामधील सर्वांत उंच, ३,८५१ मीटरचे हम्फ्रीज शिखर. नवाहो आणि होपी लोकांसाठी ही शिखरे पवित्र आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ती निळसर दिसत होती आणि फेरी मारणारी गावातली माणसे एकमेकांना हात करत होती.

कोचनी तीन फेऱ्या सांगितल्या होत्या आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा असे बजावले होते. पहिल्या फेरीतच, काल रात्री प्रश्न विचारणारा तो पहिल्या वर्षाचा मुलगा, कर्णधार मुलाच्या खांद्याला खांदा लावून पुढे गेला. दुसऱ्या फेरीच्या शेवटी त्याच्या छातीवरचा पट्टा मिनिटाला १८८ ठोके दाखवत होता. कर्णधाराचे १४६ होते. मी आकडा वाचून दाखवला तेव्हा मुलाने मान खाली घातली. त्याला रागावण्याऐवजी कोच त्याच्याबरोबर तिसरी फेरी चालत गेले. साठीला आलेला माणूस आणि अठरा वर्षांचा मुलगा त्या मातीच्या वाटेवरून हात हलवत चालले होते आणि बाकीचे धावपटू त्यांना वळसा घालून पुढे जात होते. त्यांचे काय बोलणे झाले ते मला कळले नाही. त्यानंतरच्या सरावांत तो मुलगा गटाच्या शेवटी राहिला.

दुपारी ढग आले. या भागात जुलै ते सप्टेंबर दुपारनंतर गडगडाटी पाऊस ठरलेला, म्हणून सर्व सराव सकाळी उरकावा लागतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत बाहेर पडायचे नाही हा नियम कोच घड्याळ लावून पाळतात.

रात्री 'मॅकफार्लंड, यूएसए'. २०१५ चा, निकी कॅरो यांचा. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या गावातील शाळेचा संघ १९८७ साली राज्याची क्रॉसकंट्री, म्हणजे ट्रॅकऐवजी मोकळ्या रानवाटांवरून धावण्याची स्पर्धा जिंकतो, ही खरी गोष्ट. प्रशिक्षकाची भूमिका करणारे केव्हिन कॉस्टनर मुलीची सायकल घेऊन धावपटूंच्या मागे जातात, तेव्हा सगळी खोली हसली. आमच्यातल्या दोन मुलींचे आईवडील शेतात राबतात. पहाटे शेतात काम आणि दुपारी सराव हे दृश्य आले तेव्हा त्या दोघी मात्र अगदी गप्प होत्या.

तिसरा दिवस

लेक मेरी रोड हा फ्लॅगस्टाफच्या आग्नेयेला जाणारा, पाइनच्या जंगलातून दोन लांबट तळ्यांच्या काठाने चाललेला रस्ता जगभरच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या ओळखीचा आहे. रस्त्याच्या कडेला मैलांच्या पाट्या असल्यामुळे वेग मोजणे सोपे जाते. मुलांनी २४ आणि मुलींनी २० किलोमीटर धाव घेतली. आम्ही व्हॅनमधून दर पाच किलोमीटरला पाणी देत होतो. त्या एका सकाळी इतर तीन संघांचे धावपटू आमच्या बाजूने गेले.

या शहराला धावण्याचे वेड जुने आहे. १९६८ चे ऑलिंपिक २,२४० मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत झाले आणि उंचीचा लांब पल्ल्याच्या शर्यतींवर काय परिणाम होतो ते साऱ्या जगाने पाहिले. केनियाच्या डोंगरांत वाढलेले किप केइनो १५०० मीटर ३ मिनिटे ३४.९ सेकंदांत जिंकले आणि त्या अंतराचे विश्वविक्रमवीर असलेले अमेरिकेचे जिम रायन बरेच मागे राहून दुसरे आले. त्यानंतर उंचीवरचा सराव ही प्रत्येक प्रशिक्षकाच्या डोक्यातली गोष्ट झाली. याच गावातील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या पुरुष संघाने २०१६, २०१७, २०१८, २०२०, २०२१ आणि २०२२ अशी सहा वेळा राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रॉसकंट्री स्पर्धा जिंकली आहे. आमची मुले त्या संघाचे बनियन दिसले की कुजबुजायची. कोच म्हणाले, "तेही सोपी धाव सोपीच धावतात. जाऊन बघा." मुलांनी खरोखरच पाहिले, आणि मीही. राष्ट्रीय विजेत्या संघातली मुले गप्पा मारत, आमच्यापेक्षा फारशा वेगळ्या नसलेल्या चालीने धावत होती. माझ्या सगळ्या तक्त्यांनी जे पटवून दिले नसते ते त्या दहा मिनिटांत पटले.

रात्री वाद झाला आणि तो मनापासून झाला. स्टीव्ह प्रीफॉन्टेन या ओरेगन विद्यापीठाच्या धावपटूवर वर्षभराच्या अंतराने दोन चित्रपट आले. १९९७ चा स्टीव्ह जेम्स यांचा 'प्रीफॉन्टेन' आणि १९९८ चा रॉबर्ट टाउन यांचा 'विदाउट लिमिट्स'. मुलांनी दोन्ही पाहिलेले होते आणि मते वाटली गेली होती. पहिल्यात बातमीपटासारखा खरेपणा आहे असे काहींचे म्हणणे, आणि त्यात प्रीफॉन्टेन झालेला जॅरेड लेटो हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो असे आणखी काहींचे. कोच दुसऱ्याच्या बाजूने ठाम. आम्ही तोच पाहिला.

त्यामागचे कारण मला पटले. 'विदाउट लिमिट्स' हा खरे तर धावपटू आणि प्रशिक्षक यांच्यातल्या मतभेदाचा चित्रपट आहे. प्रीफॉन्टेनला पहिल्या पावलापासून पुढे राहून धावायचे असते. डोनाल्ड सदरलंड यांनी उभे केलेले प्रशिक्षक बिल बॉवरमन त्याला मागे राहून वाट पाहायला सांगत राहतात, आणि तो ऐकत नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरच्या अखेरच्या टप्प्यात प्रीफॉन्टेन पुढे गेला आणि शेवटी लासे विरेन, मोहम्मद गॅमूदी आणि अगदी अंतिम रेषेजवळ इयन स्टुअर्ट यांनी त्याला गाठले. तो चौथा आला. ३० मे १९७५ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा २,००० पासून १०,००० मीटरपर्यंतचे सर्व अमेरिकी विक्रम त्याच्या नावावर होते.

बॉवरमन म्हटले की लोकांना बुटांच्या तळव्यासाठी वॉफलच्या साच्यात रबर ओतणारा माणूस आठवतो. प्रशिक्षकांना मात्र एक कठीण दिवस आणि त्यानंतर सोपा दिवस हा त्यांचा नियम आठवतो. कोचच्या वहीत आमचा सगळा आठवडा त्याच नियमाने आखलेला होता. कठीण दिवसांवर लाल पेन्सिलीची रेघ होती. सहा दिवसांत अशा रेघा दोनच.

चौथा दिवस

सराव नाही. ग्रँड कॅन्यनला जाण्याचा मुलांचा हट्ट होता. तो दरीत उतरल्यास मांड्या आठवडाभर दुखतील या कारणावरून नामंजूर झाला.

त्याऐवजी सकाळी नऊपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोच एकेका धावपटूला वीस मिनिटे भेटत होते. हंगामपूर्व तयारी म्हणतात ती माझ्या मते हीच. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या महाविद्यालयीन धावपटूचे वर्ष तीन हंगामांचे असते. शरद ऋतूत क्रॉसकंट्री, हिवाळ्यात २०० मीटरच्या बंदिस्त ट्रॅकवर इनडोअर आणि वसंतात ४०० मीटरच्या मैदानी ट्रॅकवर आउटडोअर. नोव्हेंबरच्या राष्ट्रीय क्रॉसकंट्रीपासून जूनच्या आउटडोअर स्पर्धेपर्यंत सगळीकडे चमकायचे ठरवले तर पाय मोडतात, म्हणून कुणी कुठे थांबायचे हे ऑगस्टमध्येच ठरवावे लागते.

तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या नडगीच्या हाडाला मे महिन्यात ताणाने बारीक तडा गेला होता. लोहाचा साठा दाखवणारे तिचे फेरिटिनही कमी होते. आकडे माझ्याकडे असल्यामुळे त्या भेटीला मला थांबायला सांगितले होते. खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम स्पर्धेत उतरता येते, त्यामुळे एखादे वर्ष राखून ठेवता येते, ज्याला इथे रेडशर्ट म्हणतात. क्रॉसकंट्री आणि ट्रॅक यांचे हिशोब वेगळे असल्याने फक्त शरद ऋतू राखून वसंतात उतरणेही शक्य असते. कोचनी हे सगळे शांतपणे मांडले आणि "निर्णय तुझा" एवढे म्हणून थांबले. मुलीने खूप वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग तिने विचारले, "मी संघाबरोबर प्रवास करू शकेन ना?" कोच म्हणाले, "पाण्याच्या बाटल्या तुझ्याकडे आणि घड्याळही." त्यांनी गळ्यातले स्टॉपवॉच काढून तिच्यापुढे ठेवले. त्याची दोरी तुटलेली होती आणि चिकटपट्टीने जोडलेली होती. ती रडली, पण घड्याळ उचलून घेतले.

रात्री 'रेस', २०१६ चा. ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक लॅरी स्नायडर आणि त्यांचे धावपटू जेसी ओवेन्स यांचा. ओवेन्सनी २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे साधारण पाऊण तासात तीन विश्वविक्रम मोडले आणि एकाशी बरोबरी केली, आणि पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये चार सुवर्णपदके जिंकली. स्नायडर अमेरिकी संघाच्या अधिकृत प्रशिक्षकांत नव्हते. चित्रपटात ते तरीही बर्लिनला जातात. इथपर्यंत आल्यावर कोचच्या निवडीतला धागा माझ्या लक्षात आला. मुसाबिनी खोलीत, बॉवरमन न ऐकणाऱ्या शिष्यापुढे, स्नायडर संघाबाहेर.

पाचवा दिवस

उंचीवर झोपायचे आणि वेगाचा सराव खाली उतरून करायचा, ही पद्धत लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन यांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर सर्वत्र पसरली. त्यांचे धावपटू २,५०० मीटरवर राहत आणि १,२५० मीटरवर सराव करत. फ्लॅगस्टाफहून ओक क्रीक कॅन्यनच्या नागमोडी घाटाने उतरले की तासाभरात सुमारे १,३०० मीटरवरचे सेडोना येते, म्हणजे निसर्गानेच तो प्रयोग मांडून ठेवला आहे. लाल खडकांच्या कड्यांखाली एका शाळेच्या ट्रॅकवर आम्ही साडेसातला पोहोचलो. वहीतली दुसरी लाल रेघ ही.

सराव होता हजार मीटरच्या आठ धावा, मध्ये मिनिटभर विश्रांती. त्या मिनिटात मी कानाच्या पाळीला सुई टोचायची. पहिला थेंब पुसून टाकायचा, कारण त्यात घाम मिसळलेला असतो. दुसरा थेंब मोहरीएवढा झाला की पट्टीला लावायचा आणि यंत्रावर आकडा यायच्या आत धावपटूला पुन्हा रेषेवर सोडायचे. लॅक्टेट लिटरला ४ मिलिमोलच्या वर गेले की वेग कमी करायचा असे ठरलेले होते. मला काळजी होती ती पहिल्या वर्षाच्या त्या मुलाची. चौथ्या धावेनंतर त्याचा आकडा २.९ आला, सहाव्यानंतर ३.१. आठव्यानंतर ३.४ आला, तेव्हा तो माझ्याकडे न बघता थेट कोचकडे बघत होता. कोच फक्त पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवून पुढच्या मुलाकडे वळले. स्टॉपवॉच हाती घेतलेली मुलगी प्रत्येक फेरीचे सेकंद खणखणीत आवाजात सांगत होती.

शेवटची रात्र माझ्या निवडीची होती. मी 'पानसिंग तोमर' लावला. तिग्मांशू धूलिया यांचा, २०१२ साली प्रदर्शित झालेला, सर्वोत्कृष्ट कथापटाचा आणि इरफान यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा. सैन्यात भरती झालेला चंबळचा एक तरुण ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचा राष्ट्रीय विजेता होतो आणि पुढे जमिनीच्या वादात न्याय न मिळाल्यामुळे बंडखोर होतो. आमच्या संघात स्टीपलचेस धावणारी एक मुलगी आहे. २८ अडथळे आणि ७ पाणउड्या म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको. पाणउडीचे दृश्य आले की ती बसल्या जागी गुडघा उचलत होती.

चित्रपटाच्या अखेरीस हलाखीत गेलेल्या काही भारतीय खेळाडूंची नावे येतात आणि त्यांत खाशाबा जाधव हे नाव आहे. मी चित्र थांबवले, जसे कोच थांबवतात. मी त्यांना सांगितले, की कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मल्ल १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकला आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा त्याच कॉलेजचे विद्यार्थी होते.

खोलीत कुणी बोलले नाही. फ्लॅगस्टाफमधून रात्री मालगाड्या जातात. त्यांतल्या एकीची शिट्टी बराच वेळ ऐकू येत राहिली. कोचनी विचारले, "प्राचार्य हेलसिंकीला गेले होते का?" मी म्हणाले, "त्यांची गोष्ट सांगितली जाते ती घराशी थांबते." त्यांनी मान हलवली आणि वही उघडली.

सहावा दिवस

परतीच्या वाटेवर कर्णधार मुलगी व्हॅन चालवत होती आणि कोच शेजारी बसून पालकांना व माजी खेळाडूंना दरवर्षी पाठवायचे हंगामपूर्व निवेदन सांगत होते. मी मागे बसून ते टिपून घेत होते. एकूण किती किलोमीटर झाले, कोण परतले आहे, कोण नवे आहे, कोणता खेळाडू हा हंगाम राखून ठेवणार आहे (तिची परवानगी विचारून), पहिली स्पर्धा कधी. कुठल्याही धावपटूची वेळ त्यात नव्हती. मी आकडे देऊ केले तर ते म्हणाले, "ऑगस्टचे आकडे ऑगस्टमध्येच राहू देत." पहिल्या वर्षाच्या त्या मुलाबद्दल एकच वाक्य होते, की तो गटात धावायला शिकला आहे.

निवेदनाच्या शेवटी दरवर्षी 'या वर्षीचे चित्रपट' असा परिच्छेद असतो. माजी खेळाडू म्हणे सगळ्यात आधी तोच वाचतात. चार नावे पटापट सांगून झाली. पाचव्या चित्रपटापुढे त्यांना दोन ओळी जास्त हव्या होत्या. महामार्ग व्हर्डीच्या खोऱ्यात उतरत होता, पाइन मागे पडले होते आणि कानांवरचा दाब सुटत होता. कोच मागे वळले, पेन्सिल वहीवर टेकवली आणि म्हणाले, "त्या प्राचार्यांचे आडनाव पुन्हा सांगा. एकेक अक्षर, सावकाश."